खुला हौद

पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडताना फडके हौद, काळा हौद अशी नावे अजून कानावर पडतात. आज त्या ठिकाणी वाहनांची वर्दळ असते आणि हौदाचे पाणी भरावयास कोणी जात नाही. पण नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली आहेत. या नावांमागे मोठा इतिहास आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रज येथे तलाव बांधण्यात आला आणि तेथील पाणी दगडी बांधणीच्या झाकलेल्या नळातून सुमारे दहा किलोमीटर दूर असलेल्या शहरात आणण्यात आले. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि तळाशी साचलेला गाळ काढता येई. शहरात आल्यावर हे पाणी हौदांत पडे व लोक तेथून आपल्या घागरी भरून नेत.

नळ असताना हौदाची गरज काय, असे तुम्ही विचाराल. नळातून येणारे पाणी कधी जोराने येते, कधी मंदावते. हौद भरलेला असला म्हणजे घागर भरणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही. येणारे पाणी कमीअधिक असले तरी मिणारे पाणी सारखे राहते, हा हौदाचा पहिला गुण होय. दुसरा गुण असा की, हौद एकासाठी नसून अनेकांसाठी असतो. मात्र हा दुसरा गुण त्या काळच्या हौदांत पुरता उतरलेला नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना सार्वजनिक हौदावर घागर बुडवण्याची मुभा नव्हती. हौद भर वस्तीत होते, पण ते सर्वांना खुले नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पाठाच्या शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आज आपल्या घरांत पाण्याखेरीज आणखी एक प्रवाह येत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही व हातांना ओला लागत नाही. आजी स्वयंपाकघरात पोळ्या लाटीत असते आणि जवळ ठेवलेल्या भ्रमणध्वनीतून तिच्या आवडीचा अभंग ऐकू येतो. गाणारा गायक दूर कोठे असेल, कदाचित तो आज हयातही नसेल. परंतु त्याचा स्वर क्षणोक्षणी वाहत येऊन त्या लहानशा यंत्रातून प्रकट होतो. ध्वनी आणि चित्र यांच्या अशा वाहत्या पुरवठ्याला ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात. आपण त्याला माध्यमप्रवाह म्हणू.

दूरचे संगीत पुण्यात बसून ऐकण्याची गोष्ट तशी जुनी आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या वृत्तपत्राने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने आपल्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम बिनतारी यंत्राने प्रक्षेपित केला. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो सुमारे १७५ किलोमीटर दूर, पुण्यात ऐकला. पुढे १९२३ पासून मुंबई व इतर शहरांतील हौशी लोकांच्या रेडिओ क्लबांनी कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे रीतसर नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्यास आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र मिळाले. या क्रमाकडे नीट पाहा. मोठ्या कंपन्या व सरकारी खाती यांचा कारभार स्थिरावण्यापूर्वी हौशी माणसे कामाला लागलेली होती. पैशाच्या आशेने नव्हे, तर ‘हे कसे होते ते पाहू या’ या कुतूहलाने त्यांनी यंत्रे जुळवली. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण कित्येक मोलाच्या गोष्टी हौसेतूनच जन्माला आल्या आहेत.

आता हा नवा प्रवाह कसा वाहतो ते पाहू. चलच्चित्र म्हणजे एकामागून एक वेगाने दाखवलेली स्थिर चित्रे. साधारणतः एका सेकंदात २५ चित्रे डोळ्यांपुढून गेली की, आपल्याला हालचाल सलग भासते. उत्तम प्रतीच्या एका चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास तीन अंक लागतात. यावरून एका चित्रासाठी ६२,२०,८०० आणि एका सेकंदासाठी १५,५५,२०,००० अंक लागतील. तासाभराचे कीर्तन अशा रीतीने साठवावयाचे म्हटले, तर सुमारे ५६० गिगाबाइट जागा लागेल. एवढा मोठा लोंढा घरोघरी पोहोचवणे केवळ अशक्य!

यावर तोड निघाली ती निरीक्षणातून. कीर्तन चालू असताना बुवांच्या मागची भिंत हलत नाही. हलतात ते बुवांचे हात, चिपळ्या आणि उपरण्याचे टोक. मग भिंतीचे चित्र सेकंदातून २५ वेळा कशाला पाठवावे? ते एकदा पाठवले आणि नंतर जेवढे बदलले तेवढेच कळवले, तर काम भागते. शिवाय डोळ्याला जाणवणारही नाहीत असे रंगांतील सूक्ष्म भेद गाळता येतात. या युक्तीला संक्षेपन म्हणतात. तिच्यामुळे तासाभराचे तेच कीर्तन दोन-अडीच गिगाबाइटांत मावते.

संक्षेपन केलेली ही सामग्री अखंड धारेसारखी पाठवली जात नाही. एखाद्या ग्रंथाची पाने सुटी करून, प्रत्येक पान निराळ्या पाकिटात घालून, त्यावर क्रमांक लिहून पाठवावे तसा हा प्रकार आहे. पाकिटे निरनिराळ्या वाटांनी येतात. एखादे मागे राहते, एखादे वाटेत हरवते. घरातील यंत्र क्रमांक पाहून ती पुन्हा लावते आणि हरवलेले पाकीट बहुधा पुन्हा मागवून घेते. या गडबडीत गाणे मध्येच तुटू नये, म्हणून यंत्र काही सेकंदांची सामग्री आधीच जमा करून ठेवते आणि त्या साठ्यातून सारख्या गतीने गाणे ऐकवते. या साठ्याला ‘बफर’ म्हणतात. तुम्ही ओळखलेच असेल, हा म्हणजे आपला हौदच! हौद रिकामा झाला की पडद्यावर वर्तुळ फिरत राहते आणि आपण कंटाळतो.

हे सारे काम यंत्राला शिकवावे लागते. त्यासाठी ज्या सूचना क्रमवार लिहितात, त्यांना आज्ञावली म्हणतात. काही आज्ञावली मोठ्या कंपन्या तयार करतात आणि त्यांची मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल असे त्यांचे लेखन, कुलूपबंद ठेवतात. काही आज्ञावलींची संहिता मात्र सर्वांसाठी उघडी असते. तिला ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. माध्यमप्रवाहाच्या क्षेत्रात अशा मुक्त आज्ञावलीचे फार प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘व्हीएलसी’. नारिंगी-पांढऱ्या शंकूचे तिचे चिन्ह तुमच्यापैकी अनेकांनी शाळेतील संगणकावर पाहिले असेल. तिची जन्मकथा मनोरंजक आहे.

फ्रान्समधील ‘एकोल सेंत्राल, पॅरिस’ या अभियांत्रिकी विद्यालयाच्या वसतिगृहात संगणकांचे एक जाळे होते आणि ते विद्यार्थीच सांभाळीत. जाळे जुने व मंद होते. विद्यार्थ्यांना एकमेकांशी संगणकावरील खेळ खेळावयाचे होते, म्हणून त्यांना वेगवान जाळे हवे होते. विद्यालयाने सांगितले, ‘साहाय्य करणारा कोणी बाहेर शोधा.’ एका उद्योगसमूहाकडे विचारणा करता एक कल्पना पुढे आली. प्रत्येक विद्यार्थ्याने दूरचित्रवाणीसाठी वेगळी तबकडी व वेगळे यंत्र घेण्याऐवजी, एकच मोठी तबकडी उभारून तिच्यावरील कार्यक्रम संगणकांच्या जाळ्यातून प्रत्येक खोलीत पोहोचवता येतील काय? हे करून दाखवावयाचे तर वेगवान जाळे हवेच! अशा रीतीने १९९६ मध्ये या कामास आरंभ झाला. एक आज्ञावली चित्रे पाठवणारी आणि दुसरी ती घेऊन दाखवणारी, अशी जोडी विद्यार्थ्यांनी तयार केली. त्यांतील दाखवणारी आज्ञावली म्हणजेच व्हीएलसी. विद्यार्थ्यांच्या मंडळाला रस्त्यावर ठेवतात तसले शंकू गोळा करण्याचा नाद होता. तोच शंकू पुढे तिची खूण झाला.

एखादा प्रकल्प पुरा झाला, गुण मिळाले, की तो कपाटात जातो. या विद्यार्थ्यांनी तसे होऊ दिले नाही. आपले काम जगाला खुले करावे, असा आग्रह त्यांनी धरला. विद्यालयाची अनुमती मिळाली आणि १ फेब्रुवारी २००१ रोजी त्या आज्ञावलीची संहिता सर्वांसाठी प्रसिद्ध झाली.

खुले करणे म्हणजे नुसते फुकट देणे नव्हे. हा भेद समजून घेतला पाहिजे. शेजारच्या काकूंनी पुरणपोळी वाढली, तर ती आपण खातो आणि गोष्ट तेथे संपते. पण काकूंनी पुरणाची कृतीच लिहून दिली, तर आपण स्वतः पोळी करू शकतो, आपल्या घराच्या आवडीप्रमाणे गुळाचे प्रमाण बदलू शकतो आणि ती कृती पुढे दुसऱ्यालाही देऊ शकतो. मुक्तस्रोत आज्ञावलीचा परवाना हेच स्वातंत्र्य देतो. ती वापरा, तिच्या आत काय आहे ते वाचा, ती सुधारा आणि इतरांना द्या. व्हीएलसीच्या परवान्यात याखेरीज एक अट होती. आपण सुधारलेली प्रत दुसऱ्यांना वाटावयाची असेल, तर तिची संहिताही याच अटींवर त्यांना उपलब्ध करून द्यावी. हौदातून पाणी न्या, पण हौदाला कुलूप घालू नका, असा या अटीचा भावार्थ आहे.

संहिता खुली झाल्यावर निरनिराळ्या देशांतून अनोळखी माणसे हातभार लावू लागली. कोणी दोष दुरुस्त केला, कोणी नव्या प्रकारच्या चित्रफिती ओळखण्याची सोय केली, तर कोणी आज्ञावलीतील शब्दांचे आपल्या भाषेत भाषांतर केले. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

तरीही संकटे आलीच. विद्यार्थी शिक्षण संपवून निघून जात आणि त्यांची जागा घेणारे मिळतच असे नाही. प्रकल्प मागे पडतो की काय, अशी स्थिती निर्माण झाली. त्याच विद्यालयात शिकलेल्या झाँ-बातिस्त केंफ या तरुणाने तो आपला मानला. विखुरलेल्या साथीदारांना त्याने एकत्र आणले आणि विद्यालयाबाहेर ‘व्हिडिओलॅन’ ही नफा न मिळवणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. आज्ञावली लोकप्रिय झाल्यावर तिच्यात जाहिराती घालण्यासाठी त्याला फार मोठ्या रकमा देऊ करण्यात आल्या. तो त्यांस बळी पडला नाही. २०१८ साली फ्रान्स सरकारने राष्ट्रीय सन्मान देऊन त्याचा गौरव केला.

केंफ यांच्या जीवनातील मला अधिक मोलाचा वाटणारा प्रसंग निराळा आहे. २०११ व २०१२ या वर्षांत आज्ञावलीच्या परवान्यात बदल करण्याची आवश्यकता भासली. तिच्यात शेकडो लोकांचे लेखन मिसळलेले होते. काहींनी बरेच लिहिले होते, काहींनी मोजक्याच ओळी. आता जो तो आपापल्या उद्योगाला लागला होता. कोण विचारणार आहे, असे म्हणून बदल करून टाकता आला असता. परंतु ज्याचे लेखन त्याची अनुमती, हा न्याय मानून केंफ व त्यांचे सहकारी एकेकाचा शोध घेत राहिले आणि होकार मिळवत गेले. दोन ओळी लिहिणाऱ्यालाही विचारले गेले. खुलेपणा म्हणजे बेबंदपणा नव्हे. ज्याने दिले त्याचा मान राखणे हा खुलेपणाचाच भाग आहे.

आपल्या देशाशी संबंधित एक प्रसंगही येथे सांगितला पाहिजे. फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात उघडेनासे झाले. सुरक्षेच्या कारणावरून ते बंद करण्याचा आदेश निघाला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये संस्थेने संबंधित खात्यांना रीतसर नोटीस पाठवून आदेशाची प्रत आणि आपली बाजू मांडण्याची संधी मागितली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली. या काही महिन्यांत ज्यांच्या संगणकांवर व्हीएलसी होती, त्यांची गाणी मात्र चालूच राहिली. कारण आज्ञावली एका कपाटात नव्हती, तिच्या प्रती लोकांच्या हाती होत्या. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोणत्याही आज्ञावलीविषयी शंका येणे हा गुन्हा नव्हे. पण जिची संहिता कुलूपबंद आहे, तिच्या बाबतीत आपल्याला मालकाच्या शब्दावर विसंबावे लागते. जिची संहिता खुली आहे, तिच्या बाबतीत जाणकार माणूस स्वतः आत डोकावून पाहू शकतो.

याचा अर्थ खुली आज्ञावली निर्दोष असते, असा मात्र नव्हे. २०१९ साली युरोपीय आयोगाने व्हीएलसीमधील दोष शोधणाऱ्यांना बक्षिसे देण्याची योजना आखली. शोधाशोध झाली आणि त्या वर्षीच्या जून महिन्यात निघालेल्या आवृत्तीत सुरक्षेचे तीसहून अधिक दोष दूर करण्यात आले. कात्रजच्या नळाला उच्छ्वास होते म्हणूनच गाळ काढता येई. दोष दिसण्याची वाट ठेवली, तरच दोष निघतात. जानेवारी २०२५ मध्ये या आज्ञावलीच्या सहा अब्ज प्रती उतरवून घेतल्या गेल्याचे संस्थेने जाहीर केले. वसतिगृहात खेळ खेळू पाहणाऱ्या मुलांच्या हौसेला केवढे फळ आले!

ही दूरदेशची गोष्ट झाली. पण अशी हौशी माणसे आपल्याही आसपास असतात. कल्पना करा, पुण्याच्या नारायण पेठेत एक तरुण राहतो. दिवसा तो हिंजवडीच्या एका कचेरीत नोकरी करतो. घरी माळ्यावर त्याच्या आजोबांनी ध्वनिमुद्रित केलेल्या कीर्तनांच्या कॅसेटींची पेटी आहे. आजोबा आता नाहीत. कॅसेटीची फीत वर्षानुवर्षे पडून राहिली की खराब होते. काही फितींवरचा आवाज आताच खरखरू लागला आहे. आवाज गेला, की तो परत आणता येणार नाही. म्हणून तरुण रात्री बसून एकेक फीत संगणकावर उतरवून घेतो. मग आजीला स्वयंपाकघरात बसून ती ऐकता यावीत, यासाठी तो भ्रमणध्वनीवर चालणारे एक लहानसे ॲप लिहावयास घेतो.

आरंभापासून सारे त्याला लिहावे लागत नाही. ध्वनी उलगडून ऐकवण्याचे अवघड काम व्हीएलसीच्या गाभ्याकडे सोपवता येते, कारण तो गाभा सर्वांना खुला आहे. तरुण आपल्यापुरते लिहितो. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून बटनांवर ‘ऐका’, ‘थांबा’, ‘पुन्हा’ असे मराठी शब्द घालतो आणि अक्षरे मोठी ठेवतो. काम झाल्यावर तो आपली संहिताही खुली करतो. काही दिवसांनी मावळातील एका डोंगराळ गावातून कोणी लिहितो, ‘आमच्याकडे जाळे मंद आहे, कीर्तन मध्येच तुटते.’ तरुण हौद थोडा मोठा करतो. नागपूरची एक विद्यार्थिनी अंध आजोबांसाठी बटनांची नावे उच्चारून सांगण्याची सोय लिहून पाठवते. एका आजीसाठी केलेले ॲप अशा रीतीने अनेक आजी-आजोबांचे होते. या तरुणाला कोणी पारितोषिक देत नाही. पण पेटीतला आवाज वाचला, एवढे समाधान त्याला पुरेसे असते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे मी माझे कर्तव्य समजतो. प्रवाहाचे साधन खुले आहे म्हणून त्यातून वाहणारी प्रत्येक गोष्ट आपली होत नाही. गीत, ग्रंथ, चित्रपट यांवर त्यांच्या निर्मात्यांचा कायदेशीर हक्क असतो. आपल्या देशात चित्रपट व ध्वनिमुद्रिका यांवरील हा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढलेल्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाची ही मुदत केव्हाच संपली आहे. परंतु गेल्या वर्षी निघालेला चित्रपट परवानगीवाचून वाटणे ही चोरीच होय. दोन ओळी लिहिणाऱ्याचीही अनुमती मागणारा केंफ आपला आदर्श असेल, तर दुसऱ्याच्या श्रमांवर असा डल्ला मारणे आपल्याला शोभणार नाही.

आता आरंभीच्या हौदाकडे परत येऊ. शहरातील हौद सर्वांना खुले नव्हते, असे आपण म्हटले. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या राहत्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला. पाणी तेच होते, दगड तेच होते. बदलली होती ती मालकाची दृष्टी. जोतीरावांनी त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. संगणकावर आज्ञावली लिहिणाऱ्यांचे काम त्या थोर कृतीच्या तोडीचे आहे, असे मला म्हणावयाचे नाही. तहानलेल्याला पाणी नाकारण्याएवढा अन्याय दुसरा नाही. मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, साठा कितीही मोठा असला तरी त्याची थोरवी त्याच्या खोलीवरून ठरत नाही, तो किती जणांसाठी खुला आहे यावरून ठरते. ज्ञानाचेही तसेच आहे.

उद्या तुमच्यापैकी कोणी आज्ञावली लिहील, कोणी यंत्र दुरुस्त करील, कोणी गणिताची सोपी रीत शोधील. तुम्हांला ते साधले याचा आनंद जरूर माना. पण त्याच संध्याकाळी आपल्या शेजारच्या बाकावरील मुलाला ती रीत समजावून सांगा. तुमचा हौद खुला झाला की नाही, याची पहिली परीक्षा तेथेच होते.

शब्दार्थ

उच्छ्वास – नळातील हवा बाहेर पडण्यासाठी ठेवलेली वाट. प्रक्षेपित करणे – दूरवर पाठवणे. संक्षेपन – आटोपशीर करणे, कमी जागेत बसवणे. आज्ञावली – यंत्राला दिलेल्या सूचनांची मालिका. संहिता – मूळ लेखन. अनुमती – संमती, परवानगी. बेबंदपणा – कोणतेही नियम न पाळणे. रोष – राग.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) लेखकाने हौदाचे कोणते दोन गुण सांगितले आहेत? त्यांपैकी कोणता गुण त्या काळी अपुरा होता?
(आ) कीर्तनाच्या उदाहरणावरून संक्षेपन म्हणजे काय ते स्पष्ट करा.
(इ) फ्रान्समधील विद्यार्थ्यांना वेगवान जाळे कशासाठी हवे होते?
(ई) ‘फुकट देणे’ आणि ‘खुले करणे’ यांत कोणता भेद आहे?

२. कारणे द्या.
(अ) संकेतस्थळ बंद असतानाही लोकांच्या संगणकांवरील व्हीएलसी चालू राहिली.
(आ) परवाना बदलण्यापूर्वी केंफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो लोकांचा शोध घेतला.
(इ) नारायण पेठेतील तरुणाने बटनांवर मराठी शब्द घातले.

३. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
ध्यानात ठेवणे, हातभार लावणे, तोड निघणे, रोष पत्करणे, डल्ला मारणे.

४. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीचा अर्थ सांगून तिला साजेसा, तुम्ही पाहिलेला एखादा प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.

५. एका चित्रासाठी ६२,२०,८०० अंक लागतात. एका सेकंदात २५ ऐवजी ३० चित्रे दाखवली, तर एका सेकंदासाठी किती अंक लागतील ते काढा.

६. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसांकडे जुनी ध्वनिमुद्रणे, पत्रे किंवा छायाचित्रे आहेत काय, याची चौकशी करा. ती नष्ट होऊ नयेत म्हणून काय करता येईल, याविषयी वर्गात चर्चा करा.